आपले आणि परके

सरकारी नोकराच्या बदलीला निदान लेखी हुकूम असतो. मूल न होण्याला तसा हुकूम नसतो; तरी त्याचा अर्थ लावण्यास सारे नातलग सरसावतात. बंगळुरास मल्लेश्वरमात आम्ही बिऱ्हाड केले तेव्हा लग्नाला सात वर्षे झाली होती. गावाहून आईचा फोन आला की पत्नी निमूटपणे आणखी एक व्रत पदरी घेई. सोळा सोमवार दोनदा झाले. दोष तिचा, असे मी कधी म्हटले नाही. पण तपासण्या तेवढ्या तिच्याच झाल्या.

येथील एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिल्याच भेटीत माझ्याकडे बोट केले. अहवाल आला. शुक्रजंतूंची संख्या पुरेशी होती, पण ते एकमेकांना चिकटून बसलेले. माझ्याच शरीराने त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली होती.

बाईंनी समजावले ते असे : आपले कोण नि परके कोण, हे शरीराचे पहारेकरी प्रामुख्याने बालपणीच शिकतात, शुक्रजंतू जन्मतात ते वयात आल्यावर. म्हणून ते वृषणातील एका आडोशामागे वाढतात. इजा, संसर्ग वा शस्त्रक्रियेने तो आडोसा फुटला किंवा वाहिनी तुंबली, की पहारेकरी त्यांना शत्रू समजतात. लहानपणी माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते; वाहिनी तेव्हाच दुखावली असावी, हा बाईंचा तर्क. अपत्यहीन पुरुषांत अशी प्रतिपिंडे असतात हे रुम्के आणि विल्सन यांनी १९५४ सालीच स्वतंत्रपणे दाखविले होते. आपल्याकडच्या व्रतांना त्याचा पत्ता नव्हता, इतकेच.

गंमत अशी की, घरापासून जवळच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. मौद्गल यांनी नर माकडांना एका संप्रेरकाविरुद्ध लस टोचून गर्भनिरोधाचे प्रयोग केले होते. जे तेथे प्रयासाने साधू पाहत होते, त्याच जातीचा प्रकार माझ्या देहाने विनासायास केला होता! उलट मेडावरने १९५३ साली कोडे मांडले ते हे, की अर्धा परका गर्भ आईचे शरीर नऊ महिने सांभाळते तरी कसे? काही स्त्रियांत तेही बिघडते. रक्त गोठवणाऱ्या प्रतिपिंडांमुळे गर्भ पुनःपुन्हा गळतो. त्यावर ॲस्पिरिन व हेपॅरिन यांचा उपाय आहे. आमच्यासाठी उपाय होता तो एकच शुक्रजंतू सुईने बीजांडात सोडण्याचा. खर्च ऐकून मी प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब काढू लागलो.

त्या रविवारी आईला फोनवर सांगितले, दोष माझ्यात आहे. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सूनबाईंना दे."

पत्नी फोन घेऊन गॅलरीत गेली. दोघी काय बोलल्या, हे तिने मला अद्याप सांगितलेले नाही.