डोक्यावर बसलेला

सुरतेत लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत खान्देशी मंडळींचं लग्न असलं की मांडवात याची गाठ पडल्याशिवाय राहत नाही. अंतरपाट धरलेला असतो, अक्षता वाटून झालेल्या असतात, बाहेर डीजेवर अहिराणी गाणं चालू असतं. आणि या सगळ्या गर्दीच्या वर, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसून, मान मागे टाकून छताकडे बघणारी एक स्वारी दिसते. तोच फ्लॅश. लग्नाचा सगळा आल्बम याच्या जिवावर उभा राहतो, पण त्यात हा स्वतः कुठे नसतो. फार तर आजोबांच्या चष्म्याच्या काचेत पांढरा ठिपका होऊन सापडतो.

त्याची ओळख आधी कानाने होते. बटण सुरू केलं की बारीक शिट्टी चढत जाते, चढत चढत ऐकू येईनाशी होते आणि पाठीवरचा दिवा लागतो. तेवढ्या वेळात चार पेन्सिल सेलांकडून मिळालेल्या पाच-सहा व्होल्टचे त्याने पोटातल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट केलेले असतात. इतकी मेहनत करून जमवलेलं तो झेनॉनच्या नळीत सेकंदाच्या तीनशेव्या भागाच्या आसपास उधळून मोकळा होतो. मग पुन्हा भरायला दोन-अडीच सेकंद. नवरदेव मंगळसूत्र बांधतो ते नेमकं याच अडीच सेकंदांत. त्या वेळी फोटोग्राफरचा चेहरा बघावा. हातात कॅमेरा, डोळा त्या दिव्यावर, आणि दिवा काही लागत नाही.

राग त्याला उन्हाळ्यात येतो. मे महिन्याचं रिसेप्शन, स्टेजवर पाहुण्यांची रांग, प्रत्येक घोळक्याचे तीन-तीन फोटो, आणि सगळे फुल पॉवरवर. तीस-चाळीस वेळा असं झालं की त्याचं डोकं तापतं आणि तो कामाचा वेग कमी करतो किंवा सरळ थांबतो. लोक म्हणतात, फ्लॅश बिघडला. बिघडलेला नसतो, नळी जळू नये म्हणून ती सोय त्याच्या आतच केलेली असते. पॉवर अर्धी केली आणि कॅमेऱ्याचा आयएसओ एक पायरी चढवला, की तो दुप्पट वेळ शांतपणे काम करतो. त्याचं एवढं ऐकणारे फोटोग्राफर मला आवडतात.

माणसाच्या तोंडाकडे सरळ बघायचा त्याला मनापासून कंटाळा. सरळ बघायला लावलं तर तो सूड उगवतो: कपाळ चकाकतं, मागच्या पडद्यावर काळी सावली पडते आणि सुरतेची जरी पांढरीफटक होऊन तिची नक्षीच नाहीशी होते. छताकडे तोंड करू दिलं की तोच प्रकाश मऊ होऊन खाली येतो. पण छताचा जो रंग, तोच याचा रंग. गुलाबी कापडाचा मांडव असला की नवरीपासून भटजींपर्यंत सगळे गुलाबी.

कामाला न लावता कपाटात ठेवलेलंही त्याला सोसत नाही. सहा-आठ महिने पडून राहिला की कपॅसिटर सुस्तावतो आणि पहिल्या वेळी भरायला फार वेळ घेतो. आत सेल विसरले असतील तर सुरतेच्या दमट पावसाळ्यात ते पाझरून पट्ट्या खाऊन टाकतात. महिन्यातून एकदा दहा-वीस वेळा उडवला, सेल काढून ठेवले, की वर्षानुवर्षं टिकतो.

आता त्याच्या मानपानाविषयी सांगायला हवं, कारण सगळं भांडण तिथेच आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर जी खोबण असते, तिला हॉट शू म्हणतात. तिच्या मधोमध एक गोल ठिपका असतो. शटर उघडलं की त्या ठिपक्याचं सर्किट जुळतं आणि फ्लॅश उडतो. करार एवढाच. या एका ठिपक्यावर कुठल्याही कंपनीचा फ्लॅश कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यावर नांदत आला. जुन्या काळचे काही दांडगे, जपानी बनावटीचे पहिले विविटार 283 धरून, त्या ठिपक्यावर दोनशेच्या वर व्होल्ट आणायचे. ते नाजूक डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नयेत. बाकीच्यांचं बिनबोभाट जमायचं.

मग कंपन्यांनी ठिपक्याभोवती आपापल्या खुणा काढल्या. कॅननचे आणखी चार ठिपके, निकॉनचे तीन, आणि त्यांची जागाही वेगळी. मिनोल्टाने तर 1988 मध्ये खोबणच बदलली. ती परंपरा सोनीकडे गेली आणि 2012 मध्ये सोनी पुन्हा सर्वांसारख्या खोबणीकडे वळली. आज चिनी गोडॉक्स कंपनीचा एकच फ्लॅश कॅननसाठी वेगळा, निकॉनसाठी वेगळा, सोनीसाठी वेगळा येतो. सेकंड हँड घेणाऱ्याने आधी नावाचं शेवटचं अक्षर वाचायचं. ते चुकलं, तर हा मानी जावई पाटावर बसतो खरा, पण ताटाला हात लावत नाही: मधल्या ठिपक्यामुळे उडतो, मात्र प्रकाश किती टाकायचा ते कॅमेऱ्याकडून ऐकून घेत नाही.

इथवर मी कंपन्यांना समजून घेऊ शकतो. पण 2018 मध्ये कॅननने 1500डी आणि 3000डी या सर्वांत स्वस्त कॅमेऱ्यांवरचा तो मधला ठिपकाच काढून टाकला, आणि पुढच्या वर्षी 200डी मार्क 2 वरचाही. दोन-तीन हजारांचा साधा मॅन्युअल फ्लॅश त्यावर बसतो आणि गप्प राहतो. पुढे ट्रिगर, म्हणजे फ्लॅश दुरून उडवणारं यंत्र, बनवणाऱ्या काहींनी फर्मवेअर बदलून वाट काढली, पण ट्रिगरचे पैसे वेगळे मोजावे लागले. महागड्या कॅमेऱ्यांवर ठिपका राहिला. गेला तो ज्यांचं बजेट सर्वांत लहान त्यांच्या कॅमेऱ्यावरचा. दिवसा कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालून संध्याकाळी लग्नं टिपायला शिकणाऱ्या पोराच्या हातात हाच कॅमेरा असतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

फ्लॅशची किंमत तर विचारूच नका. कॅननचा 600ईएक्स-आरटी 2012 मध्ये अमेरिकेत 629 डॉलरला आला. त्या वेळच्या दराने एकतीस-बत्तीस हजार रुपये. 2020 मध्ये जाहीर झालेला ईएल-1 सुमारे 1,100 डॉलरचा, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. तो लिथियम बॅटरीवर चालतो आणि 0.9 सेकंदात पुन्हा तयार होतो, हे त्याचं मोठेपण मान्य. पण भाव डॉलरमध्येच वाढला आणि वर रुपयाने साथ सोडली, असा दुहेरी मार इथल्या गिऱ्हाइकाला बसला. गोडॉक्ससारख्या चिनी कंपन्या नसत्या, तर डिंडोलीतल्या निम्म्या फोटोग्राफरांनी एलईडीच्या पट्टीवर भागवलं असतं.

साड्यांचे कॅटलॉग जिथे काढतात त्या स्टुडिओंत त्याचे थोरले भाऊ राहतात, भिंतीतल्या विजेवर चालणारे. त्यांचं घराणं अधिक शहाणं. सॉफ्टबॉक्स अडकवायची त्यांची बोवेन्स पद्धतीची कडी अनेक कंपन्यांच्या दिव्यांना चालते. ती काढणारी ब्रिटिश कंपनी 2017 मध्ये बुडाली, पण कडी जिवंत आहे. रिंग रोडच्या कापड बाजारात माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला जरीचा पदर जसा आहे तसा दिसतो, तो त्या कडीत अडकवलेल्या कापडी पेटीमुळे.

धाकट्याचाही, निदान गोडॉक्ससारख्या कंपन्यांच्या फ्लॅशचा, एक गुण अजून शाबूत आहे. त्याच्या छातीवर लालसर काच असते. एस1 मोडवर टाकून कोपऱ्यात स्टँडवर उभा केला, की समोर कुणाचाही फ्लॅश उडालेला दिसताच हाही उडतो. प्रकाश किती टाकायचा ते कॅमेऱ्याकडून ऐकणारा, म्हणजे टीटीएलवाला, समोर असेल तर एस2. मग तो अक्षर विचारत नाही, ठिपके मोजत नाही. लग्नात नवरीकडचा फोटोग्राफर सुरतेचा, नवरदेवाकडचा शिरपूरहून आलेला. एकाकडे निकॉन, दुसऱ्याकडे कॅनन. कोपऱ्यातला दोघांनाही साथ देत सुटतो आणि त्याचे सेल जेवणाच्या पंगतीआधीच बसतात. म्हणून जाणती मंडळी मंगलाष्टकांआधी एकमेकांना गाठून ठरवून टाकतात: कोपऱ्यात एकच उभा करायचा, दोघांनी मॅन्युअलवर मारायचं, आणि सेलांचे पैसे निम्मे निम्मे.