पळसनाथाचं शिखर आणि भुताची गोष्ट

मराठीत मुलांसाठी खरोखर भीती वाटेल अशी रहस्यकथा का नाही, हा प्रश्न मला पडलेला नाही, माझ्या भाचीला पडलाय. ती बारामतीला असते, वय वर्षं अकरा, फास्टर फेणे वाचून संपलाय. आता तिला "भुताचं हवंय, पण विनोदी नको". मी मावशी, त्यातून घरातली पुस्तकवेडी, म्हणून मागणी माझ्याकडे आली.

तसं अगदीच नाही असं नाही. आमच्या लहानपणी चांदोबात वेताळ होता. खांद्यावर प्रेत घेऊन निघालेल्या विक्रमाचं ते शंकर यांचं चित्र तळहाताने झाकून मी गोष्ट वाचायचे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण आहे, पण ती रंगमंचावर आली की पोरं खिदळतात. तेच मतकरी मोठ्यांसाठी गूढकथा लिहायला बसले की वाचणाऱ्याची झोप उडवत. या दोन टोकांच्या मधलं, म्हणजे जुनं घर, बंद खोली, घराण्याचं गुपित आणि ते शोधून काढणारं एखादं मूल, असलं मराठीत फार थोडं. इंग्रजीत याला गॉथिक म्हणतात. तिकडे मुलांसाठी त्याची कपाटंच्या कपाटं भरलेली असतात.

बरं, आपल्याकडे सामान कमी आहे का? 'तुंबाड' (२०१८) पाहिलात ना, त्यातला वाडा सासवडचा आहे. पुण्याहून बारामतीला जाताना वाटेतच. (त्या सिनेमावर नारायण धारपांच्या 'आजी'चं ऋण आहे, आणि 'आजी'वर स्टीफन किंगचं. भुतांना व्हिसा लागत नाही.)

आणि इंदापूर तालुक्यात तर आख्खी गावं पाण्याखाली आहेत. उजनी धरणाचं काम १९६९ ते १९८० चाललं आणि भीमाकाठची गावं गेली. त्यातलंच जुनं पळसदेव. तिथलं पळसनाथाचं देऊळ पाण्यात उभं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी शिखर दिसतं, आणि दुष्काळी वर्षी, २०२४ सारख्या, पार पायथ्यापर्यंत जाता येतं. आमच्याकडे म्हणतात, "उजनी मायनसमध्ये गेली." म्हणजे वापरायचं पाणी संपलं, आता राहिला तो मृतसाठा. भाचीला हा शब्द कळल्यापासून ती तो उगाचच कुठेही वापरते. "मावशी, आमच्या फ्रिजमध्ये मृतसाठा आहे." :)

माझ्या आईचं माहेर असंच एक बुडालेलं गाव. पाणी यायच्या आधी आजोबांनी घराच्या तुळया आणि मोठा दरवाजा सोडवून बैलगाडीतून नव्या गावठाणात आणला. घर दोन खोल्यांचं आणि दरवाजा वाड्याचा, असं ते ध्यान अजून उभं आहे. भाचीची गोष्ट तिथूनच सुरू होते. तिनं लिहायला घेतलीय: दरवाजा नव्या घरात आला, पण रात्री तो जुन्याच घरात उघडतो.

मला तर हे फारच आवडलं. ताई मात्र गप्प झाली. मग म्हणाली, "आपल्या घरात भुताची गोष्ट म्हणजे मामीचीच गोष्ट की गं."

मामी म्हणजे आमची थोरली मामी. गाव हललं त्या वर्षी ती बाविशीची होती. त्या दरवाजात बसून राहायची, बोलणं बंद, जेवण बंद. शेजारणी म्हणाल्या, साती आसरा लागल्यात, पाण्यात गेलेल्या गावानं तिला धरलंय. मग देवऋषी. दोन वर्षं दर अमावस्येला लिंबाच्या फोकाचे वळ. डॉक्टरचं नाव कोणी काढलं की आजी म्हणायची, "त्याला काय कळतंय बाहेरचं?" जिचं गाव बुडालं, जिची पहिली बाळंती खोली बुडाली, ती बाई गप्प होईल नाहीतर काय होईल? पण हे त्या वेळी कोणी मोठ्यानं म्हटलं नाही. पुढे धाकट्या मामानं तिला पुण्याला डॉक्टरकडे नेलं. ती बरी झाली, पण पूर्वीसारखी नाही.

भूत काढतो म्हणून मारहाण करणं आता गुन्हा आहे. दाभोलकरांचा पुण्यात खून झाला त्याच वर्षी, २०१३ ला, तो कायदा झाला. पण गावात आजही एखादी बाई गप्प झाली की आधी कुठे नेतात ते ताईला माहीत आहे. ती शाळेत शिकवते, पोरींच्या आया तिच्याशी बोलतात. म्हणून तिचा विरोध मला भाबडा वाटला नाही. लेकीला रात्री झोप लागणार नाही ही तिची काळजी नव्हतीच.

तिला म्हटलं, भूत असणं-नसणं सोडून दे, भूत घालवतं कोण ते बघ. धारप मला अतिशय प्रिय, पण त्यांच्या समर्थांच्या कथांत शेवटी कोणीतरी अधिकारी पुरुष येतो आणि त्याच्या सामर्थ्यानं अरिष्ट टळतं. वाचायला झकास, पण आमच्या घरातल्या अकरा वर्षांच्या मुलीला इतक्यात नको. याउलट नील गेमनची 'कोरलाइन' (२००२) घे. डोळ्यांच्या जागी बटणं असलेली दुसरी आई दाराआड बसलीय. भयंकर प्रकार! पण तिच्याशी ती पोरगी स्वतःच्या डोक्यानं लढते, आई-बापांना सोडवते. किंवा जुनी अॅन रॅडक्लिफ. तिच्या कादंबरीत काळ्या पडद्यामागे असं काही दिसतं की नायिकेची शुद्ध हरपते. शेकडो पानांनंतर कळतं, तो मेणाचा पुतळा होता. ही कादंबरी १७९४ ची. त्याच साली इकडे बारामतीत मोरोपंत वारले. (याचा त्याचा काही संबंध नाही, पण मला असल्या गोष्टी लक्षात राहतात.)

पडद्यामागे काय आहे ते स्वतः जाऊन बघायचं, ही सवय मामीच्या वेळी घरात एकाला जरी असती तरी पुष्कळ होतं, असं मी म्हणाले. ताई लगेच पटली म्हणाली नाही. ती तशी म्हणतही नाही. दोन दिवसांनी तिचा फोन आला, की तिनं लेकीला मामीची हकिगत सगळी सांगितली, फोकांसकट. पोरगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "मामीला कोणी विचारलंच नाही का, तुला काय होतंय म्हणून?"

गोष्टीत आता बदल झालाय. दरवाजात एक बाई बसते, ती भूत आहे असं सगळे समजतात, आणि एक मुलगी तिच्याशेजारी जाऊन बसते. पुढे काय ते लेखिका सांगायला तयार नाही. मला फक्त पहिली चार पानं मिळालीत, तीही "कोणाला दाखवायची नाहीत" या बोलीवर, म्हणून इथे देत नाही.

तोवर तुमच्या माहितीत मुलांसाठीचं चांगलं भीतीदायक मराठी पुस्तक असेल तर नाव कळवा. जुनं चालेल, पानं सुटलेली चालतील. मांत्रिक मात्र नको.