वासाचे वाटेकरी

तो वास येण्याआधी आवाज यायचा. पश्चिमेकडून वावटळ उठायची, गल्लीतल्या खिडक्या आपटायच्या, वाळत घातलेल्या चादरी ओढून घ्यायची बायकांची धांदल उडायची, आणि मग शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या धाब्यावर पहिले टपोरे थेंब पडायचे. एकेकटे. सुटे सुटे. होळीपासून तापत आलेली ती पांढरी माती थेंब पडताक्षणी पिऊन टाकायची, ओल दिसायचीसुद्धा नाही, आणि तरी पापणी लवायच्या आत माजघरापासून परसापर्यंत सगळं घर त्या वासाने भरून जायचं. आजी निवडायला घेतलेलं सूप बाजूला सारायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, “आला गं बाई.” पुढे काही नाही. तेवढंच.

सोलापूरच्या माणसाचं या वासाशी असलेलं नातं कोकणातल्या माणसाला सांगून कळणार नाही. तिकडे पाऊस येतो आणि मुक्काम करतो. इथे तो दर्शन देतो आणि पुष्कळदा तसाच पुढे निघून जातो; मागे राहतो तो हा वास, आणि त्याच्या आधारावर माणसं पुन्हा आभाळाकडे बघत बसतात. आधी कोरडा, ऊबदार, जरासा कडसर. मग हळूहळू ओला आणि गडद होत जाणारा, नुकत्याच उपटलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारखा. मी पुढे कितीतरी गावांचे पाऊस पाहिले. वास सगळीकडे होता, पण धाब्याखाली बसून घेतलेला तो नव्हे. धाबं गेलं, त्या जागी सिमेंटचा स्लॅब आला, आणि स्लॅबवर पडणाऱ्या पावसाला नुसता आवाज असतो.

दर वैशाखात गाढवांवर पांढरी माती लादून माणसं पेठेत यायची. त्यांच्यातली एक बाई शिडीवरून पाट्या वर न्यायची, माती पसरायची, पाणी शिंपडायची आणि दिवसभर उन्हात बसून ती चोपायची. घरात तिला मातीवाली म्हणत. आजोबा पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगायचे, आमचं धाबं कधी गळलं नाही. खरंच गळलं नाही. त्या न गळण्यामागचे हात मला अजून दिसतात, कोपरापर्यंत पांढरे झालेले. त्या हातांना जोडायला नाव मात्र कुणाकडेच नाही.

माझी भाची पुण्यात जीवशास्त्र शिकते. मागे एकदा ती सुट्टीत आली होती, पहिला वळीव पडून गेला होता, आणि मी सवयीने दारात उभी राहून दीर्घ श्वास घेत होते. ती हसून म्हणाली, “मावशी, हा वास मातीचा नाहीच मुळी. पावसाचाही नाही.” मग पायरीवर बसून तिने मला समजावलं. मातीत स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जिवाणू राहतात, धाग्यांनी वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे. ते जिओस्मिन नावाचं एक द्रव्य तयार करतात, आणि आपण ज्याला मातीचा वास म्हणतो तो मुख्यतः त्याचा. थेंब कोरड्या मातीवर आपटला की मातीच्या छिद्रांतली हवा बुडबुडे होऊन वर येते, फुटते आणि ते द्रव्य सूक्ष्म तुषारांवर बसून आपल्या नाकापर्यंत येतं. लाख कोटी भागांत जेमतेम पाच भाग असलं तरी माणसाला ते ओळखू येतं. बीट चिरताना येणारा मातकट गंध, तोही याचाच. १९६५ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशवालिए या दोघांनी ते द्रव्य वेगळं काढून त्याला नाव दिलं.

मी बराच वेळ काही बोलले नाही. आजीने आयुष्यभर त्या वासासाठी सिद्धरामेश्वराचे, पावसाचे, काळ्या आईचे उपकार मानले होते. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त त्या यादीत एक नाव राहून गेलं होतं.

आणि त्या नावाचे आमच्या घरावर याहूनही मोठे उपकार आहेत. आजोबा गिरणीत होते. कापसाचे तंतू छातीत घेऊन घरी यायचे, आणि एका पावसाळ्यात खोकल्याबरोबर रक्त पडलं. त्या काळी क्षय म्हटलं की घरातली माणसं हलक्या आवाजात बोलू लागत. त्यांना मिरजेजवळ वानलेसवाडीला नेलं, तिथे स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया सुरू झाल्या, आणि ते परत आले. वाळलेले, कानाला थोडे कमी ऐकू येणारे, पण आले. माझ्या आईचा जन्म त्यानंतरचा. ते औषध स्ट्रेप्टोमायसीसपासूनच निघालं, हे मला त्या संध्याकाळी पायरीवर कळलं. ज्याच्या वासाने आजी डोळे मिटायची, त्याच्याच कुळातल्या एका जिवाणूने तिचा नवरा तिला परत दिला होता.

ते औषध शोधलं एका विद्यार्थ्याने. अल्बर्ट शॅट्झ, वय २३, त्याच रटगर्समधला पीएच.डी.चा विद्यार्थी. क्षयाच्या जंतूंशी खेळ नको म्हणून त्याला तळघरातली प्रयोगशाळा मिळाली होती. १९ ऑक्टोबर १९४३ या दिवशी त्याच्या हाती हे औषध देणारे स्ट्रेप्टोमायसीस ग्रीसियसचे दोन वाण लागले. एक शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून, दुसरं कोंबडीच्या घशातून. हे दुसरं त्याला डोरिस जोन्स या सहविद्यार्थिनीने दिलं होतं. एलिझाबेथ ब्युगी या आणखी एका विद्यार्थिनीने त्याचे प्रयोग स्वतंत्रपणे पुन्हा करून पडताळले. जानेवारी १९४४ च्या पहिल्या शोधनिबंधावर तीन नावं आहेत: शॅट्झ, ब्युगी आणि त्यांचे प्राध्यापक सेल्मन वॅक्समन. पेटंटवर दोनच उरली. तू लग्न करशील, संसार करशील, तुला पेटंटवरचं नाव कशाला, असं ब्युगीला सांगितलं गेल्याचं तिच्या मुलींनी पुढे सांगितलं. मग जगभरातल्या समारंभांत एकच नाव घेतलं जाऊ लागलं. १९५० मध्ये शॅट्झ कोर्टात गेला. तडजोड झाली, सहसंशोधक म्हणून त्याला कायद्याने मान्यता मिळाली आणि स्वामित्वधनातले ३ टक्के. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना. रटगर्सने शॅट्झला पदक दिलं ते १९९४ साली. तोवर तो सत्तरी ओलांडून गेला होता.

वॅक्समन लहान होते असं मला म्हणायचं नाही. मातीतल्या जिवाणूंमध्ये औषध शोधायची ती वाट मुख्यतः त्यांनी घालून दिली. पण वाट घालणारा वेगळा आणि त्या तळघरात रात्री जागून काढणारा वेगळा, हे त्याच वेळी, शाई ओली असतानाच लिहून ठेवलं असतं, तर एका माणसाचं अर्धं आयुष्य कडू झालं नसतं. आणि ब्युगी? तिचं नाव आमच्या घरात कुणी उच्चारलंसुद्धा नाही. माझी आई जन्मली त्यात तिचाही वाटा होता.

शॅट्झ-ब्युगीचं हे सगळं भाचीने मला पुढे सांगितलं, कारण ती स्वतः त्या दिवसांत अशाच एका कोड्यात होती. भाचीची टीम ज्यात उतरली होती ती आयजेम ही एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत २००३ मध्ये एका छोट्या अभ्यासक्रमातून ती सुरू झाली, २००४ मध्ये पाच टीमची स्पर्धा झाली, आणि आता जगभरातले विद्यार्थी त्यात उतरतात. आपल्याकडच्या पुण्याच्या आयसरमधून, मुंबईच्या आयसीटीमधूनही टीम गेल्या आहेत. जनुकांचे तुकडे जोडून जिवाणूंकडून एखादं नवं काम करून घ्यायचं, असा तो खेळ. २००९ मध्ये बंगळुरूहून एक टीम गेली होती, सृष्टी या कला आणि डिझाइनच्या संस्थेतली. विज्ञान न शिकलेली मुलं. त्यांनी प्रयोगशाळेतल्या साध्या ई. कोलाय जिवाणूत जिओस्मिन तयार करणारं जनुक घालून त्याला पहिल्या पावसाचा वास द्यायचं मनावर घेतलं. हे ऐकलं तेव्हा माझे डोळे भरून आले. वीस वर्षांच्या मुलांना जगातलं काहीही करून बघायची मुभा मिळाली, आणि त्यांना हा वास आठवला.

या स्पर्धेचा एक नियम मला फार आवडला. प्रत्येक टीमने लिहून द्यायचं: यातलं आम्ही काय केलं, आणि आमच्यासाठी दुसऱ्यांनी काय केलं. नुसते आभार चालत नाहीत. कुणी पिपेट धरायला शिकवलं, कुणी यंत्र वापरू दिलं, गणिती मांडणी कुणाची, पैशासाठी पत्रं कुणी लिहिली, जनुकाचा तुकडा आधीच्या कुठल्या टीमकडून आला, हे सगळं नावानिशी. आता त्यासाठी ठरावीक अर्जच असतो आणि तो भरल्याशिवाय पदक मिळत नाही. भाची आणि तिच्या सोबत्यांनी आधी एकच ओळ लिहिली होती: प्रकल्पात सर्वांचा समान वाटा आहे. वाचायला किती गोड! पण त्या गोडीखाली काय काय झाकलं जात होतं, ते ती फोनवर सांगत गेली. रविवारी रात्री जिवाणूंची वाढ बघायला कायम तीच एक मुलगी जायची. मराठी माहितीपत्रक ज्याने घरोघरी वाटलं तो बोलायला लाजायचा, म्हणून सादरीकरणात कुठेच नव्हता. सकाळी सातला येऊन ऑटोक्लेव्ह लावणारे, काचसामान निर्जंतुक करून ठेवणारे काका होते. ते नसते तर जिवाणू वाढवायची एकही बशी ओतता आली नसती. आणि एक मुलगा ऑगस्टमध्ये वडिलांच्या आजारपणामुळे टीम सोडून गावी गेला होता. जनुकाचा तुकडा वाढवायला लागणारे सुरुवातीचे प्रायमर त्याने आखलेले. पुढचं सगळं त्यावर उभं. त्याचं नाव ठेवायचं की नाही यावर म्हणे दोन रात्री भांडण चाललं होतं.

“तुला काय वाटतं, मावशी?” तिने विचारलं.

मी म्हटलं, अगं, नाव ठेवा, आणि नावापुढे काम लिहा. त्याने काय केलं ते क्रियापदासकट लिहा. अमुकने आखलं, तमुकने ओतलं, अमुक जागली, तमुकने धुतलं. कमी-जास्त कुणी ठरवायचं, ते वाचणारा ठरवेल. तुम्ही फक्त जे झालं ते लपवू नका. समान वाटा म्हणताना शांत माणसाचा वाटा बोलक्या माणसाच्या खिशात जातो, आणि तो परत मागायची वेळ आली की शांत माणूस गप्पच बसतो. शॅट्झ निदान भांडला. ब्युगी भांडली नाही, तर तिला आपण कुठे शोधायचं?

त्यांनी तसं लिहिलं. गावी गेलेल्या मुलाचं नाव राहिलं. काकांना विचारून त्यांचंही घातलं. ते आधी नको म्हणाले, मग आडनावाचं स्पेलिंग त्यांनी स्वतः कागदावर लिहून दिलं. भाचीने मला ते पान दाखवलं तेव्हा मी ते पदकाच्या आशेने वाचलं नाही. त्यात जिवाणूबद्दल फारसं काही नव्हतं, आणि तरी अख्ख्या प्रकल्पातलं सगळ्यांत जिवंत पान तेच वाटलं मला. इतकी माणसं एका कामावर वाकलेली, आणि प्रत्येकाचा चेहरा दिसतो आहे. असं फार थोड्या ठिकाणी दिसतं.

तुमच्या घरातलं एखादं मूल असा प्रकल्प करत असेल, किंवा तुम्ही स्वतः महाविद्यालयात शिकवत असाल, तर ही यादी शेवटच्या रात्रीवर टाकू नका. पहिल्याच दिवशी भिंतीवर एक कागद लावा आणि त्याच्याशेजारी दोरीला पेन बांधून ठेवा. ज्याने जे केलं ते त्याने त्याच दिवशी तिथे लिहावं, तारीख घालून. ज्यांना लिहायचा संकोच वाटतो, त्यांचं तुम्ही लिहा.