दुखतं, हेच बरं!

पायाला ठेच लागली किंवा दारात बोट चेंगरलं, की आपण कळवळतो. लहानपणी मला वाटायचं, हे दुखणंच नसतं तर काय बहार आली असती! पण आमच्या वर्धा जिल्ह्यातच अशी माणसं राहत होती, ज्यांच्या हातापायांना खरोखरच दुखत नव्हतं. त्यांचे हाल कुणी विचारू नयेत.

सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे कुटी आहे. परचुरेशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना कुष्ठरोग झाला. त्या काळी लोक अशा रोग्याला गावाबाहेर काढत. गांधीजींनी मात्र त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, स्वतःच्या हातांनी मालिश केलं. जवळच दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केलं होतं.

ती कुटी पाहताना मला प्रश्न पडला, या रोगात बोटं झडतात ती का? पूर्वी वाटे, रोगच बोटं खातो. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी नीट पाहणी केली, तेव्हा वेगळंच उघड झालं. या रोगाच्या जंतूंना शरीरातल्या थंड जागा आवडतात. म्हणून कोपर, चेहरा, पाय इथल्या कातडीजवळच्या नसांत ते शिरतात. नस मेली, की मेंदूकडे निरोपच जात नाही. म्हणजे टेलिफोनची तार तुटली म्हणा ना! मग चुलीवरचं तापलेलं पातेलं माणूस खुशाल हातात धरतो. काटा रुततो, तरी त्याच पायानं चालत राहतो. जखम चिघळते, हाड झिजतं आणि बोट जातं. बोटं जातात ती दुखत नाही म्हणून!

आता याच्या उलट गंमत ऐका. अपघातात हात गेलेल्या कित्येकांना तो हात अजून आहे असं वाटतं. नसलेल्या बोटांना खाज सुटते, कळा येतात! डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी अशाच एकाच्या गालाला कापसाचा बोळा लावला. तो म्हणाला, "तुम्ही माझ्या अंगठ्यालाही हात लावताय." असं कसं? तर मेंदूत आपल्या शरीराचा एक नकाशा असतो आणि त्यात हाताच्या शेजारीच चेहऱ्याची जागा असते. हात गेल्यावर त्याची रिकामी जागा शेजाऱ्यानं बळकावली होती!

कुष्ठरोगात बोटं वर्षानुवर्षं हळूहळू झिजतात. अशा रोग्यांना बहुधा ती भुताटकीची बोटं जाणवत नाहीत. मेंदूला नकाशा बदलायला सवड मिळते, असं शास्त्रज्ञ म्हणतात.

म्हणजे बघा, ठेच लागते पायाला, पण दुखतं ते मेंदूत. दुखणं हा आपला पहारेकरी आहे.

तेव्हा दोस्तांनो, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथं स्पर्श कळेनासा झाला, तर "दुखत नाही ना, मग असू दे" म्हणू नका. लपवू तर मुळीच नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो आणि औषध सुरू झालं, की तो दुसऱ्याला लागण्याची भीतीही लवकरच संपते. मेलेली नस मात्र सहसा परत येत नाही. म्हणून उशीर करायचा नाही.