प्रश्नांची मोजणी

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्यामुळे वंचितांच्या मुलांसाठी वर्गाचे दार उघडले. वर्गात प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र शिक्षकाने रोज नव्याने द्यावा लागतो.

इतिहास शिकविताना आम्हांला दोन ग्रंथ नेहमी आठवतात. 'मिलिंदप्रश्न' राजा मिलिंदाच्या शंकांतून उलगडतो, तर महात्मा फुले यांची १८७३ सालची 'गुलामगिरी' धोंडिबाच्या प्रश्नांवर पुढे सरकते. दोन्हींकडे विचारणारा नसता तर सांगणाऱ्याचे विचारही इतके खोल गेले नसते.

हे आपल्या मुलांच्या लेखनातही दिसते का, हे पाहण्यासाठी आम्ही नववीच्या वर्गाकडून स्वाध्यायांतील व मुलांच्या वह्यांतील प्रश्न संगणकावर उतरवून घेतले. कोण, केव्हा, कोठे, का, कसे हे शब्द शोधून मोजले. लगेच अडचण आली. 'का आला?' मधला 'का' कारण विचारतो; 'आला का?' मधला केवळ होय-नाही. 'कारणे लिहा' यात तर प्रश्नचिन्हच नाही! संगणक खूण शोधतो, अर्थ माणसालाच लावावा लागतो.

त्यानंतर फुले दांपत्याच्या शाळेतील मातंग विद्यार्थिनी मुक्ता हिचा, १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापलेला निबंध वर्गात वाचला. वेद आमचे नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असे ती विचारते. पुढे काही मुलांनी नेमून दिलेल्या विषयावर लिहिले, काहींनी स्वतःच्या प्रश्नावर. एकाच वहीत आढळणारे, इतर कोणीही न वापरलेले शब्द आम्ही वेगळे काढले. नेमलेल्या विषयांत मार्गदर्शकातील तीच ती वाक्ये होती. स्वतःच्या प्रश्नांतून ऊसतोडीची कोपी, गावचा पाणवठा, आईची रात्रपाळी आली. मूठभर वह्यांवरून नियम सिद्ध होत नाही; परंतु दिशा कळते.

वसतिगृहातील शांततेचे कौतुक सारेच करतात. पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच: सुट्टीत घरी आलेल्या मुलाने 'का?' विचारले, तर त्याला गप्प करू नका. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्यासोबत शोधायला बसा. पहिल्यांदाच शाळेत आलेल्या पिढीची प्रतिभा तेथूनच फुलते.