काखेत हात नको

मूल उचलायचं म्हटलं की आपले हात आपसूक त्याच्या काखेत जातात. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या मुलाला असं उचललं, की त्याचे खांदे वर सरकतात आणि तो आपल्या हातांतून खाली निसटतो. खांदे जागेवर धरून ठेवणारे स्नायूच दुबळे झालेले असतात. घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करताना मी आजोबांना, शेजाऱ्यांना, शाळेच्या रिक्षावाल्या काकांनाही आधी एवढंच सांगते : काखेत हात नको.

हा आजार बहुतेककरून मुलग्यांनाच होतो. जमिनीवरून उठताना मुलगा मांड्यांवर हात टेकत जणू स्वतःच्याच अंगावर चढतो. ही खूण विल्यम गॉवर्स यांच्या १८७९च्या लेखनापासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. उपचार नसतील तर साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालणं थांबतं. स्टेरॉइडमुळे ते लांबतं, पण त्याच गोळ्या हाडं ठिसूळ करतात. उचलताना हातून थोडं सुटलं तरी मांडीचं हाड मोडू शकतं.

लकव्याच्या पेशंटला खुर्चीत बसवायला शिकवलं, की बहुतेकदा पुढे काम हलकं होत जातं. इथे उलट. दिवाळीत आईचा हात धरून उभा राहणारा मुलगा पावसाळ्यात उभा राहीलच असं नाही. तो वाढतो, आईची कंबर मात्र तीच. अमेरिकेत पेशंटला हातांनी उचलण्याची सुचवलेली मर्यादा साधारण १६ किलो आहे. आपल्याकडे चाळीस किलोचा मुलगा आई एकटी उचलते आणि वर ‘सवय आहे’ म्हणते. घरची मंडळी जुनी पद्धत सोडतात ती कुणीतरी पडल्यावर. म्हणून उभं राहता येतंय तोवरच मी सरकवायला शिकवते. ‘म्हणजे आता उभा राहणारच नाही का हो मॅडम?’ आई विचारते. राहील, जमेल तितके दिवस राहील. पण उभं राहायचा सराव निवांत वेळी करायचा, संडासच्या घाईत नाही.

पलंगावर वर सरकवायला जुनी नायलॉनची साडी उत्तम. ती दुहेरी करून पाठीपासून मांड्यांपर्यंत खाली घालायची, म्हणजे साडीवर साडी घसरते, कातडी ओढली जात नाही. मान आधी सांभाळायची, ती मागे कलंडते. दोघांनी दोन्ही बाजूंनी वरचा पदर अंगालगत धरायचा. एक-दोन-तीन मुलानेच म्हणायचं. त्याचा श्वास त्यालाच कळतो. खुर्चीत बसवल्यावर शर्टाची चुणी, चड्डीची शिवण, मागच्या खिशातलं काहीबाही बघायचं. आपण नकळत बूड हलवतो. त्याला ते जमत नाही, आणि लाजेपायी तो सांगतही नाही.

पुढे होइस्ट लागतो : झोळीत बसवून उचलणारं चाकांचं यंत्र. पैशांची जुळवाजुळव कशीबशी होते, यंत्र घरी येतं आणि अडतं भलत्याच ठिकाणी. त्याचे पाय पलंगाखाली जावे लागतात, आणि आपल्या घरांत असतो बॉक्सचा दिवाण, तळापर्यंत बंद, आत गोधड्या आणि पाहुण्यांच्या उशा. म्हणून हल्ली पहिल्याच भेटीत मी पलंगाखाली वाकून बघते. दिवाण असेल, तर पुढे कधी बदलायचा झालाच तर पायांचा पलंग घ्या, एवढं त्याच दिवशी सांगून ठेवते.