थेंब न पडणारी गळती

“टाकी अर्धी हाय तवर गाडी पळती, उस्ताद. काटा त्याच्या खाली गेला की मान टाकती. पंप तर आत्ताच करून आणला.”

तीर्थपुरीकडच्या एका मोसंबीवाल्या शेतकऱ्याचं हे बोलणं. आंबे बहाराची तोडणी चालू होती, पिकअपमध्ये माल भरलेला, जालन्याच्या बाजारात सौदा थांबलेला आणि गाडी माझ्या शेडसमोर टोचण लावून आणलेली. त्याआधी कुणीतरी पंप खोलायला लावला होता, नोझल बदलले होते. हजारो रुपये गेले आणि दुखणं जागच्या जागी राहिलं. खरं तर पहिल्याच वाक्यात त्यानं सगळं सांगितलं होतं. अर्धी टाकी, हे दोन शब्द कुणी ऐकलेच नव्हते.

डिझेलच्या वाटेला दोन भाग असतात. टाकीपासून फीड पंपापर्यंत ओढ आणि तिथून पुढे दाब. दाबाच्या बाजूला भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं, थेंब पडतो, वास येतो, मालकाच्या पोटात गोळा येतो. ओढीच्या बाजूला भोक पडलं तर इंजिन चालू असताना काहीच बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी, पाइप कोरडा. रात्रभर उभ्या गाडीच्या पाइपातलं डिझेल हळूच टाकीत उतरतं आणि सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते. “गाडी एअर घ्यायली,” असं आपल्याकडे म्हणतात. ही सुद्धा गळतीच आहे, फक्त उलट्या दिशेची. पण हिचा दोष बहुतेक वेळा पंपाच्या माथी मारला जातो.

पंपात हवेचा बुडबुडा शिरला तर काय होतं? डिझेल दाबलं की दाब पुढे जातो. हवा दाबली की ती स्वतःच आकसते. जुन्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनाचं नोझल साधारण २०० ते २५० बारला उघडतं. पिकअपच्या मागच्या चाकात चार-साडेचार बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. पंपाच्या एलिमेंटची दांडी आणि बॅरल यांच्यात फट असते दोन-तीन मायक्रॉनची, माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड. एवढ्या बारीक कामात हवा शिरली की दाब तयारच होत नाही. रुडॉल्फ डिझेलनं आपल्या इंजिनात तेल फवारायला दाबलेली हवाच वापरली होती. त्यासाठी शेजारी कॉम्प्रेसर लागायचा, म्हणून ते इंजिन कारखान्यात आणि जहाजात अडकून पडलं. १९२७ साली बॉशनं इंजेक्शन पंप मोठ्या संख्येनं बनवायला घेतला आणि डिझेल इंजिनाला ट्रकमध्ये चढायची वाट मोकळी झाली. आपल्याकडे १९५१ साली असे पंप बनवणारी मायको कंपनी निघाली. जुने मिस्त्री अजूनही पंपाला ‘मायको’च म्हणतात.

मोसंबीवाल्याच्या गाडीला मी पाना लावला नाही. पाच लिटरचा स्वच्छ डबा डिझेलनं भरून बॉनेटच्या उंचीला टांगला, त्याची नळी थेट फीड पंपाला जोडली. हातपंपानं एअर काढली, गाडी पहिल्या चावीला उठली आणि अर्धा तास एकसुरात चालली. म्हणजे फीड पंपापासून पुढे सगळं निरोगी होतं. मग टाकीचा पाइप परत जोडून मध्ये वीतभर पारदर्शक नळी घातली. दोन-तीन मिनिटांत तिच्यातून मोहरीएवढे बुडबुडे रांगेनं जाऊ लागले. शेतकऱ्याला बोलावून दाखवले. टाकी उतरवली. आतला सक्शन पाइप मधोमध गंजून टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. भोकावर डिझेल होतं तोवर ते डिझेलच ओढत होतं. पातळी खाली गेली की हवा.

दिसणाऱ्या गळतीतही फसगत आहेच. ओलं दिसतं तिथे गळत नसतं. डिझेल खाली उतरतं, फॅनच्या वाऱ्यानं मागे जातं आणि आपल्या काळ्या मातीची धूळ त्यावर बसून लेप तयार होतो. म्हणून आधी ब्रशनं धुवायचं, फडक्यानं कोरडं करायचं, जोडांवर खडूची भुकटी उडवायची आणि इंजिन चालवून बघत बसायचं. भुकटी सगळ्यात वर जिथे भिजेल तो जोड. तिथे बहुधा तांब्याचा वायसर दबून कडक झालेला असतो. नवा टाकावा. नसेलच तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की तांबं मऊ पडतं आणि एकदा कामाला येतं. नुसतं आवळत राहणं मला सहन होत नाही. हायप्रेशर पाइपची क्लिप पडलेली असते, पाइप थरथरतो, निपलपाशी तडा जातो आणि लोक नट आवळत बसतात. पाइप बदलायचा तर त्याच लांबीचा आणि त्याच आतल्या मापाचा हवा, नाहीतर त्या सिलिंडरचं टायमिंग हलतं.

चालू इंजिनाच्या हायप्रेशर पाइपवर बोट फिरवून गळती शोधू नका. हे मी माझ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो. केसाएवढ्या तड्यातून निघालेली धार कातडीतून आत जाते. मी शिकाऊ होतो तेव्हा सोबतच्या एकाच्या बोटाला असंच टोचलं. काटा रुतल्यासारखा ठिपका, दुखणंही नाही. तो जेवून झोपला. सकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता आणि शेवटी बोट काढावं लागलं. असं झालं तर त्याच तासाला सर्जनकडे जायचं आणि डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं. गळती बघायला पुठ्ठा धरावा.

एक गळती मात्र यंत्राला हवीच असते. नोझलच्या सुईच्या अंगानं थोडं डिझेल मुद्दाम वर येतं, सुईला वंगण देतं आणि रिटर्न पाइपनं टाकीकडे परत जातं. नोझलांना जोडणाऱ्या सुती विणीच्या बारीक रबरी नळ्या उन्हाळ्यात तडकतात. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच. पण नळी फाटली म्हणून तिथे स्क्रू ठोकून तोंड बंद केलेलं मी पाहिलंय. मग डिझेल साठून पुढचा जोड फुटतो. ते अडवायचं नसतं, टाकीपर्यंत पोहोचवायचं असतं.

रबराची गोष्ट निराळी. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, गंधक दहा लाखांत १० भागांवर आलं. त्याआधी ५० होतं. हवेसाठी हे चांगलंच झालं. पण गंधक काढताना डिझेलमधले रबर फुगवणारे घटकही कमी होऊ शकतात आणि वर्षानुवर्षं फुगून बसलेलं जुनं नायट्रिल रबर आकसतं. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हाही जुन्या गाड्यांचे पंप असेच गळू लागले होते. म्हणून जुना पंप खोललाच तर सील व्हिटॉनचे घालावेत. पैसे जास्त जातात, टिकतातही जास्त.

वाटेत टाकीला चीर गेली तर कपडे धुण्याचा साबण चोळून भरावा. तो डिझेलमध्ये विरघळत नाही, गावापर्यंत नेतो. वेल्डिंगला मात्र टाकी वाफेनं धुतल्याशिवाय हात लावू नये. रिकाम्या टाकीतली डिझेलची वाफच भडकते.

मोसंबीवाल्याला नवा पाइप बसवून दिला. चार दिवसांनी पहाटे त्याचा फोन आला, “काटा पार खाली हाय उस्ताद, तरी उठली.” जुना पाइप माझ्या खणात आहे. नवा पोरगा आला की तो बादलीत बुडवून एका टोकाला बोट लावायला सांगतो, दुसरीकडून मी फुंकतो आणि बुडबुडा कुठून आला ते त्याला विचारतो.